मरणाच्या अनेक वाटा

सत्तरीतल्या माणसाच्या नेहमीच्या रक्ततपासणीत कधी कधी एक अनपेक्षित प्रथिन सापडते. त्रास काहीच नसतो. या अवस्थेला एमजीयूएस म्हणतात आणि तिच्यातून पुढे मल्टिपल मायलोमासारखा कर्करोग उद्भवू शकतो, असे डॉक्टर सांगतात. त्यावर रुग्णाचा प्रश्न ठरलेला असतो : मला तो होण्याची शक्यता किती? अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,३८४ जणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्या नोंदी आज ‘आर’ या संगणकप्रणालीत कोणालाही पाहता येतात. ११५ जणांना पुढचा आजार झाला. ८६० जण तो न होताच इतर कारणांनी वारले. उरलेले ४०९ जण शेवटच्या नोंदीपर्यंत हयात होते आणि आजारापासून दूर होते.

आता रुग्णाला काय सांगायचे? आजार होण्याचा दर वर्षाला साधारण १ टक्का आहे. हा दर तसाच चालत राहिला तर २५ वर्षांत सुमारे २२ टक्के लोकांना आजार होईल, असे गणित सांगते. पण निदानाच्या वेळी यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांनी सत्तरी ओलांडलेली होती. पुढची २५ वर्षे त्यांच्यापैकी कोणीही हृदयविकाराने, न्यूमोनियाने किंवा दुसऱ्या कर्करोगाने मरणार नाही, असे गृहीत धरले तरच २२ टक्क्यांचा आकडा खरा ठरतो. माणसे ज्या जगात जगतात आणि मरतात त्या जगातली शक्यता याहून बरीच कमी भरते. आकडेमोड दोन्हीकडे बरोबर आहे. विचारलेले प्रश्न मात्र वेगळे आहेत. एक प्रश्न प्रत्यक्ष जगाविषयीचा, तर दुसरा मरणाची बाकीची दारे बंद करून उभ्या केलेल्या कल्पित जगाविषयीचा. या दोन प्रश्नांमधला फरक न विसरता आकडेमोड कशी करायची, हाच स्पर्धक जोखमींच्या संख्याशास्त्राचा विषय आहे.

वैद्यकीय संशोधनात जीवितकालाच्या विश्लेषणाची सुरुवात बहुधा कॅप्लन-मायर आलेखापासून होते. पायरी-पायरीने खाली उतरणारी ती रेषा प्रत्येक वैद्यकीय नियतकालिकात दिसते. तिची ताकद सेन्सॉरिंग नावाच्या अडचणीवर मात करण्यात आहे. अभ्यास संपला, रुग्ण दुसऱ्या गावी गेला, फोन लागेनासा झाला की त्याचे पुढे काय झाले हे कळत नाही. अशा रुग्णाचा शेवटच्या भेटीपर्यंतचा काळ हिशेबात धरायचा आणि त्यापुढे त्याचे भवितव्य मागे राहिलेल्यांसारखेच असेल असे मानायचे, ही या पद्धतीची युक्ती. गावी गेलेल्या माणसाबाबत ती बऱ्याचदा पटण्यासारखी असते. पण माणूस दुसऱ्याच आजाराने वारला असेल आणि त्यालाही ‘सेन्सॉर’ म्हणून नोंदवले, तर आपण त्याला कागदोपत्री जिवंत ठेवतो आणि आपल्याला हवा तो आजार त्याला पुढे कधीतरी होईल अशी वाट पाहत बसतो.

समजा, कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले १०० वृद्ध रुग्ण आहेत. पहिल्या वर्षी त्यांतले ५० जण अन्य कारणांनी दगावले आणि कोणाचाच कर्करोग उलटला नाही. दुसऱ्या वर्षी उरलेल्या ५० पैकी १० जणांचा उलटला. दोन वर्षांत कर्करोग उलटण्याचे प्रमाण १०० पैकी १०, म्हणजे १० टक्के. मृतांना सेन्सॉर मानणारी पद्धत मात्र ५० पैकी १० मोजते आणि २० टक्के सांगते. खरी आकडेवारी इतकी नेटकी कधीच नसते, पण चुकीची दिशा हीच राहते. रुग्ण जितके वयस्क, पाठपुरावा जितका लांब आणि इतर मृत्यू जितके जास्त, तितका हा फुगवटा वाढतो.

या विषयाचा जन्म संगणकाच्या युगातला नाही. १७६० मध्ये डॅनिएल बर्नुली यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. देवीच्या रोग्याचा पू निरोगी माणसाला टोचण्याची प्रथा तेव्हा युरोपात वादग्रस्त होती. तिने रोग टळत असे, पण टोचलेल्यांपैकी काही जण त्यातच दगावत. देवीचा रोग अजिबात नसता तर माणसे किती जगली असती, असा प्रश्न बर्नुलींनी विचारला. एडमंड हॅली यांनी ब्रेस्लाव शहराच्या मृत्युनोंदींवरून तयार केलेली जीवनसारणी त्यांनी हाताशी घेतली. देवी न झालेल्या आठांपैकी एकाला दरवर्षी ती होते आणि झालेल्या आठांपैकी एक मरतो, असे मानून त्यांनी एकूण मृत्यूंतून देवीचे मृत्यू गणिताने वजा केले. सरासरी आयुर्मान २६ वर्षे ७ महिन्यांवरून २९ वर्षे ९ महिन्यांवर जाईल, असे उत्तर आले. मृत्यूचे एक कारण पुसून टाकल्यावर उरणाऱ्या जगाचा इतका नेटका हिशेब त्याआधी कोणी मांडला नव्हता.

त्यावर गणितज्ञ दालांबेर यांनी हरकत घेतली. टोचून घेणारा माणूस काही दिवसांत मरण्याचा धोका आज पत्करतो. त्याला मिळणारी तीन वर्षे मात्र आयुष्याच्या दूरच्या टोकाला जोडली जातात. या दोन गोष्टी एकाच सरासरीत कशा मिसळता येतील? बर्नुलींचा प्रश्न राज्यकर्त्याला उपयोगी होता, दालांबेर यांचा आक्षेप मुलाला टोचून घ्यावे की नाही या पेचात पडलेल्या बापाच्या बाजूने होता. पुढची अडीचशे वर्षे हा विषय या दोन टोकांमध्ये फिरत राहिला.

एकोणिसाव्या शतकात हे गणित विमागणितज्ञांकडे गेले. निवृत्तिवेतनाच्या निधीला सभासद मृत्यूने सोडतो, अपंगत्वाने सोडतो किंवा वयोमानाने; प्रत्येक वाटेचा खर्च निराळा. विल्यम मेकहॅम यांनी १८७४ मध्ये एकूण मृत्युबलाची, म्हणजे क्षणोक्षणीच्या मृत्युदराची, कारणांनुसार फोड करण्याची रीत मांडली. ‘अनेक मार्गांनी होणारी घट’ ही कल्पना विमाशास्त्रात तेव्हापासून रुळली.

वैद्यकशास्त्रात या विचाराने मूळ धरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, कर्करोगाच्या उपचारांचे मोजमाप करण्याच्या निमित्ताने. एव्हलिन फिक्स आणि येर्झी नेमन यांनी १९५१ मध्ये बरे होणे, आजार उलटणे, मरणे आणि संपर्क तुटणे अशा अवस्थांमधून फिरणाऱ्या रुग्णाचे प्रतिमान मांडले. १९५८ मध्ये एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांचा निबंध आला. कॅप्लन बेल प्रयोगशाळेत समुद्राखालच्या दूरध्वनी तारांमधल्या निर्वात नळ्यांच्या आयुष्याचा विचार करत होते, तर मायर कर्करोगाच्या रुग्णांच्या. दोघांनी एकच पद्धत स्वतंत्रपणे शोधली होती आणि संपादकांच्या आग्रहावरून ती एकत्र प्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स यांचे प्रतिगमन आले. वय, लिंग, आजाराचा टप्पा यांचा धोक्यावरचा परिणाम मोजणे त्यामुळे सोपे झाले. ही दोन साधने इतकी सोयीची ठरली की एकापेक्षा जास्त शेवट संभवतात तिथेही ती बिनदिक्कत वापरली जाऊ लागली.

त्या काळच्या तात्त्विक मांडणीत प्रत्येक माणसाच्या खात्यात प्रत्येक कारणाचा एकेक सुप्त काळ ठेवलेला असे. कर्करोगाने मरण्याची एक तारीख, हृदयविकाराने मरण्याची दुसरी. त्यांतली जी आधी येते ती आपल्याला दिसते. ही कल्पना मोहक आहे, पण दुसरी तारीख कधीच कोणाला दिसत नाही. अनास्तासिओस त्सियातिस यांनी १९७५ मध्ये सिद्ध केले की सुप्त काळ एकमेकांवर अवलंबून असोत वा नसोत, दिसणारी आकडेवारी दोन्हीकडे हुबेहूब तीच येऊ शकते. दोन कारणे स्वतंत्र आहेत का, हे आकड्यांवरून तपासता येत नाही. म्हणून ‘कर्करोग नसता तर काय झाले असते’ या प्रश्नाचे उत्तर केवळ नोंदींतून मिळत नाही. त्यासाठी बाहेरून गृहीतक आणावे लागते. बर्नुलींनीही ते आणले होते.

यानंतरची चाल सावध झाली. १९७८ मध्ये रॉस प्रेंटिस, जॉन काल्बफ्लाइश, नॉर्मन ब्रेस्लो आणि सहकाऱ्यांनी आग्रह धरला की जे दिसते त्याबद्दलच बोलावे. आज जिवंत असलेल्यांपैकी या क्षणी अमुक कारणाने किती जण मरतात, हा कारणनिहाय हॅझार्ड दर नोंदींवरून नीट मोजता येतो. आजाराच्या मुळाशी काय घडते हे शोधणाऱ्या संशोधकाचे ते मुख्य हत्यार ठरले. त्याच वर्षी नॉर्वेचे ऑड आलेन आणि डेन्मार्कचे सोरेन योहान्सन यांनी सर्व कारणांचे दर एकत्र गुंफून प्रत्यक्ष जगातली संचयी संभाव्यता काढण्याची पद्धत पक्की केली. स्पर्धक कारण एकही नसेल तर तिचे उत्तर कॅप्लन-मायरच्या उत्तराशी जुळते, म्हणून ती त्याच घराण्यातली थोरली पद्धत म्हणता येईल. उत्तर युरोपातल्या या मंडळींनी पुढे रुग्णाचा सारा प्रवास अवस्थांच्या नकाशावर मांडला : निरोगी, आजारी, आजार उलटलेला, मृत. स्पर्धक जोखीम हा त्या नकाशाचा सर्वांत साधा नमुना, जिथे सुरुवात एक आणि शेवट अनेक असतात.

पुढचा प्रवाह थेट संभाव्यतेकडे वळला. रॉबर्ट ग्रे यांनी १९८८ मध्ये दोन गटांच्या संचयी संभाव्यतांची तुलना करणारी चाचणी दिली. १९९९ मध्ये जेसन फाइन आणि ग्रे यांनी कॉक्सच्या धर्तीवर या संभाव्यतेचे प्रतिगमन मांडले. आज वैद्यकीय निबंधांत ते वारंवार दिसते आणि वारंवार चुकीचे वाचलेही जाते. या प्रतिमानात इतर कारणांनी वारलेले लोकही ‘धोक्यात असलेल्यां’मध्ये मोजले जातात, जशी गावाच्या मतदारयादीत वारलेल्यांची नावे वर्षानुवर्षे राहतात. संभाव्यता काढण्यासाठी ही सोय उत्तम आहे; आजाराचे कारण शोधण्यासाठी घातक. एखादा घटक फक्त हृदयविकाराचे मृत्यू वाढवत असेल आणि कर्करोगाशी त्याचा काही संबंध नसेल, तरी या प्रतिमानात तो कर्करोगापासून ‘रक्षण’ करताना दिसतो. कर्करोग व्हायच्या आत माणसे गेली, एवढाच त्याचा अर्थ असतो.

गेल्या काही वर्षांत कार्यकारणभावाचा अभ्यास करणाऱ्यांनी कल्पित जगाचा प्रश्न पुन्हा पटावर आणला आहे, पण आता अटी लिहून. जेसिका यंग, मिगेल हर्नान आणि सहकाऱ्यांच्या २०२० मधल्या निबंधाने वेगवेगळ्या प्रश्नांची नीट वर्गवारी केली : उपचाराचा एकूण परिणाम, स्पर्धक मृत्यू टाळता आले असते तर दिसणारा परिणाम, वगैरे. २०१९ मध्ये औषध-चाचण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांना जी पुरवणी जोडली गेली तिचेही मागणे हेच आहे. मृत्यू किंवा उपचार सोडणे अशी मधली घटना घडली तर कोणती राशी मोजणार, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवा, असे ती सांगते. बर्नुलींचा प्रश्न परत आला आहे. फरक इतकाच, की आता गृहीतके दडवता येत नाहीत.

हे सारे इतके महत्त्वाचे का, हे प्रोस्टेट कर्करोगाच्या एका जुन्या प्रकरणावरून कळते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल या स्त्रीसंप्रेरकाच्या चाचण्या झाल्या. ५ मिलिग्रॅमच्या मात्रेने कर्करोगाचे मृत्यू घटले, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू वाढले आणि एकूण आयुष्यात झालेला फायदा खाऊन गेले. फक्त कर्करोगाचा आलेख पाहणाऱ्याला औषध उत्तम वाटले असते. म्हणून या विषयातला पहिला दंडक असा, की एका कारणाचा निकाल एकटा छापू नये. सगळ्या कारणांचे निकाल शेजारी शेजारी ठेवावेत.

याउलट, कल्पित जगाचा प्रश्नही कधी कधी योग्यच असतो. कृत्रिम खुब्याचे उदाहरण घ्या. ८० वर्षांची बाई विचारते, मला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का? तिच्यासाठी प्रत्यक्ष जगातली संभाव्यताच हवी, कारण खुबा झिजण्याआधी आयुष्य संपण्याची शक्यता मोठी आहे. पण दोन कंपन्यांच्या खुब्यांपैकी टिकाऊ कोणता हे ठरवणाऱ्याला रुग्ण कधी वारला याच्याशी कर्तव्य नसते. त्याला धातूचे आणि सिमेंटचे आयुष्य हवे असते. नोंद एकच आणि प्रश्न दोन. कोणती पद्धत ‘बरोबर’ यावर वाद घालणाऱ्यांनी आधी प्रश्न कोणाचा आहे ते विचारावे.

आज हा विषय टाळता न येण्याची आणखी कारणे आहेत. रुग्ण अधिक वयस्क झाले आहेत आणि एकेका माणसाला तीन-तीन दीर्घ आजार असतात. मधुमेहाचा रुग्ण डायलिसिसवर असतो, त्याला मूत्रपिंड मिळू शकते, तो हृदयविकाराने जाऊ शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर ल्युकेमिया उलटणे आणि उपचारांच्याच परिणामांनी मृत्यू येणे यांची शर्यत चालते. कोविडच्या पहिल्या लाटेने हा प्रश्न जगभरच्या वॉर्डांत आणला. बरे होऊन घरी गेलेल्या रुग्णांना ‘सेन्सॉर’ मानले, तर ते आत राहिलेल्या गंभीर रुग्णांसारखेच ठरतात आणि मृत्युदर फुगतो. डिस्चार्ज हा रुग्णालयातल्या मृत्यूचा स्पर्धक आहे, हे मान्य केल्यावरच हिशेब जागेवर येतो. हृदयविकाराचा १० वर्षांचा धोका सांगणारी ‘स्कोअर-२’ ही युरोपीय गणनपद्धतीही २०२१ मध्ये इतर मृत्यूंचा विचार करून बांधली गेली.

आपल्याकडे या विषयाला दोन खास बाजू आहेत. पहिली जमेची. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदींची एवढी परंपरा असलेल्या राज्यात ही साधने समजणारे वाचक हवेतच. संख्याशास्त्राच्या बाजूनेही इथे काम झाले आहे. पुण्याचे जे. व्ही. देशपांडे यांनी परस्परावलंबी स्पर्धक जोखमींसाठी चाचणी मांडली. सुधा पुरोहित यांच्यासह लिहिलेले त्यांचे जीवितकालाच्या प्रतिमानांवरचे इंग्रजी पुस्तक २००५ मध्ये आले. दुसरी बाजू अडचणीची. मृत्यू कशाने झाला हे माहीत असेल तरच कारणनिहाय विश्लेषण शक्य, आणि भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय दाखल्यासह कारण नोंदलेले मृत्यू २०२० मध्ये एक चतुर्थांशाहूनही कमी होते. घरी वारलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिलेले असते तेव्हा संख्याशास्त्राच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय संपर्क तुटण्याचे प्रमाण मोठे. उपचार अर्धवट सोडून गावी गेलेला क्षयरोगी हा साधा सेन्सॉर नव्हे. तो बहुधा जास्त आजारी, जास्त गरीब असतो. त्याच्या जाण्याला स्पर्धक घटना मानायचे, सेन्सॉर मानायचे की त्याला शोधून काढायचे, यावर निकाल पालटू शकतो.

प्रस्तुत पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांसाठी लिहिले आहे. प्रबंधासाठी रुग्णांचा पाठपुरावा करणारे पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थी, वैद्यकाकडे वळलेले संख्याशास्त्राचे विद्यार्थी, आणि शोधनिबंध वाचून रुग्णाला सल्ला देणारे डॉक्टर. पहिल्या भागात एकही समीकरण न मांडता, मोजक्या रुग्णांच्या तक्त्यावरून, संभाव्यता आणि दर यांची ओळख करून दिली आहे. नंतर गणित येते, पण प्रत्येक सूत्राआधी त्याचा प्रश्न शब्दांत लिहिला आहे आणि प्रत्येक सूत्रानंतर ते कोणत्या जगाबद्दल बोलते हे सांगितले आहे. एमजीयूएसच्या नोंदींसारख्या खुल्या माहितीवर सर्व पद्धती चालवून दाखवल्या आहेत, म्हणजे वाचकाला प्रत्येक आकडा स्वतः पडताळता येईल. संगणकाच्या आज्ञा परिशिष्टात ठेवल्या आहेत, कारण त्या बदलतात. प्रश्न बदलत नाहीत.

या पुस्तकात काय नाही, हेही सांगायला हवे. मार्टिंगेलचा सिद्धांत आणि अनंतस्पर्शी प्रमेयांच्या सिद्धता इथे नाहीत. त्यासाठी आंद्रसन, बोर्गन, गिल आणि काइडिंग यांचा १९९३ चा ग्रंथ आहे. यंत्रशिक्षणावर आधारलेल्या नव्या भाकीत-पद्धतींना एकच प्रकरण दिले आहे, कारण स्पर्धक मृत्यू विसरण्याची जुनी चूक त्याही करू शकतात आणि तिथे ती ओळखायला जास्त अवघड असते. पद्धतींमध्ये कोणाचीही बाजू घेतलेली नाही. एका गोष्टीबाबत मात्र हे पुस्तक आग्रही आहे. कोणत्याही जीवितकालाच्या निबंधात वाचकाने तीन गोष्टी शोधाव्यात : इतर कारणांनी किती जण वारले, त्यांना विश्लेषणात कुठे बसवले, आणि सांगितलेली शक्यता प्रत्यक्ष जगातली की कल्पित जगातली. यांतले एक जरी उत्तर मिळाले नाही, तरी त्या निबंधातला आकडा रुग्णापुढे ठेवू नये. पुस्तक मिटताना एवढी सवय लागली, तर बाकीची सूत्रे गरजेनुसार पुन्हा उघडून पाहता येतील.